पोटातले होकायंत्र

आपल्या घरांत दिशांचा धाक मोठा असतो. उत्तरेकडे डोके करून झोपू नये, दक्षिणेकडे तोंड करून जेवायला बसू नये, देव्हारा अमुक बाजूला असावा, चूल तमुक बाजूला. हल्ली तर नवा फ्लॅट पाहायला गेलेला गृहस्थ नळाला पाणी किती तास येते हे विचारण्याआधी खिशातला मोबाईल काढतो आणि त्यातले होकायंत्र उंबरठ्यावर धरतो. दार दक्षिणेला निघाले, की ठरत आलेला सौदा मोडलाच म्हणून समजावे! बिचाऱ्या दक्षिणेने कुणाचे काय घोडे मारले आहे, देव जाणे. यमाची दिशा म्हणून तिची एकदा जी बदनामी झाली, ती झालीच.

भाषेतही तोच प्रकार. मराठी शिकवण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली, त्यामुळे शब्दांना टोकरत बसण्याची खोड लागली आहे. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर ही भूगोलाच्या पुस्तकातली साधी नावे. पण ‘दिशा’ म्हटले की आपण एकदम नीतीच्या प्रांतात शिरतो. मुलाला दिशा दाखवायची असते, पिढी दिशाहीन झालेली असते, भोळ्या माणसाची दिशाभूल होते, आणि घरातले एखादे कार्टे वेगळ्याच वाटेला लागले, की ‘याची दिशाच चुकली’ असे म्हणून वडीलमंडळी सुस्कारा टाकतात. जणू योग्य दिशा एकच असते आणि तिचा पत्ता फक्त वडिलांना ठाऊक असतो!

या शब्दाचा नव्याने विचार करायला मला लावले ते एका जिवाणूने. तो इतका लहान, की त्याच्यासारखे तीन-चारशे एका रांगेत उभे करावेत तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरावा. तळी, डबकी, खाड्या यांच्या तळाशी, चिखलात तो राहतो. आणि त्याच्या पोटात होकायंत्र असते. पोटात म्हणजे अक्षरशः पोटात.

आमच्या कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमनी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ही हकीकत सांगितली, तेव्हा मला ती एखाद्या पुराणातली वाटली. पुढे मी मिळेल ते वाचत गेलो आणि ती पुराणापेक्षाही नवलाची निघाली.

पहिला मान इटलीतल्या साल्व्हातोरे बेल्लिनी यांचा. पाव्हिया विद्यापीठात असताना, १९६३ साली, आसपासच्या गोड्या पाण्याचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना आढळले, की काही जिवाणू सारखे उत्तरेकडेच पोहत जातात. त्यांच्या शरीरात काहीतरी चुंबकीय होकायंत्र असले पाहिजे, असे अनुमानही त्यांनी लिहून ठेवले. पण ते टिपण इटालियन भाषेत होते आणि जगातल्या शास्त्रज्ञांपर्यंत पोचले नाही. त्याचे इंग्रजी भाषांतर छापून आले ते २००९ साली. मधे सेहेचाळीस वर्षे गेली! मराठीत लिहिणाऱ्या माणसाला अशा गोष्टी वाचताना आपल्याच वाड्यातल्या बिऱ्हाडकरूची कहाणी ऐकल्यासारखे वाटते.

दरम्यान अमेरिकेत रिचर्ड ब्लेकमोर नावाच्या तरुण संशोधकाने हीच गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली. मॅसॅच्युसेट्समधल्या वूड्स होलजवळच्या दलदलीतला चिखल आणून तो भलत्याच एका जिवाणूच्या शोधात होता. थेंबातले काही जीव मात्र एकाच कडेला जाऊन गर्दी करीत. त्याला वाटले, उजेडाकडे जात असतील. त्याने सूक्ष्मदर्शक झाकून पाहिला, फिरवून पाहिला, जागा बदलून पाहिली. गर्दी तिकडेच! शेवटी त्याने लोहचुंबक जवळ नेला, आणि सगळा जमाव वळला. १९७५ साली त्याचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला, आणि या जिवाणूंना जगात नाव मिळाले.

आता हे होकायंत्र कसले? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या जिवाणूच्या अंगात, लांबीच्या बाजूने, काळ्या मण्यांची एक माळ दिसते. एकेक मणी म्हणजे एकेक स्फटिक. काही जातींत तो लोह आणि गंधक यांच्या ग्रेगाइट नावाच्या संयुगाचा असतो; पण बहुतेकांत तो मॅग्नेटाइटचा असतो, हे १९७९ साली सिद्ध झाले. मॅग्नेटाइट म्हणजे निसर्गात सापडणारा चुंबकदगड. जुन्या काळी खलाशी आपल्या सुया ज्या दगडावर घासून घेत, तोच हा दगड. जिवाणू मात्र तो कुठून उचलून आणत नाही. पाण्यात विरघळलेले लोह शोषून घेतो आणि पातळ पापुद्र्याच्या इवल्या पिशव्यांत त्याचे स्फटिक स्वतः घडवतो.

या स्फटिकांचे माप पाहावे, तर एखाद्या सोनाराने तोंडात बोट घालावे. ते साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरच्या दरम्यान असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग. हे माप उगीच नाही. यापेक्षा स्फटिक लहान झाला, तर भोवतालच्या उष्णतेच्या धक्क्यांनी त्याचे चुंबकत्व जागेवर ठरत नाही. यापेक्षा मोठा झाला, तर त्याच्यात वेगवेगळे विभाग पडतात आणि ते एकमेकांचे चुंबकत्व मारून टाकतात. घर वाढले की भाऊभाऊ वेगळ्या चुली मांडतात, तसेच म्हणा ना! लहानपण नको आणि अतिविस्तारही नको, असा नेमका मधला आकार हा जिवाणू साधतो.

शिवाय मणी सुटे असून भागत नाही. दोन लोहचुंबक शेजारी ठेवले तर ते एकमेकांना चिकटून गोळा व्हायला पाहतात. म्हणून जिवाणूने माळेला दोराही ओवला आहे. प्रथिनांचा एक बारीक तंतू पेशीच्या लांबीने जातो आणि त्याला हे मणी एका ओळीत टांगलेले असतात. मणी आणि तंतू यांना जोडून ठेवणारे प्रथिन काढून टाकले, की माळेचा गोळा होतो, हे २००६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. माळ सरळ असली तरच सगळ्या मण्यांचे बळ एकत्र येते आणि ती सुईसारखी वळते.

हे बळ एकत्र करण्याची गरज आहे, कारण पृथ्वीचे चुंबकत्व फार क्षीण. फ्रिजच्या दारावर मुलांची वेळापत्रके धरून ठेवणारा चुंबक त्याहून शंभरपट बळकट असतो. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकमापनात त्यांच्यामुळे गोंधळ होईल, म्हणून ते काम १९०४ साली समुद्रापलीकडे अलिबागला हलवावे लागले. इतकी ही नाजूक गोष्ट. आणि ती या चिखलातल्या जिवाला जाणवते!

‘जाणवते’ हा शब्द मी वापरला खरा, पण तो जरा सैल आहे. चुंबकत्व जिवाणूला ओढून नेत नाही. ते त्याला फक्त वळवते. मेलेला जिवाणूसुद्धा उत्तरेकडे तोंड करून पडतो, आपल्या खिशातल्या होकायंत्राच्या सुईसारखा. जिवंत आणि मेलेला यांच्यातला फरक एवढाच, की जिवंत असतो तो शेपटी फिरवून त्या वाटेने पोहू लागतो. तोंड वळणे वेगळे आणि चालू लागणे वेगळे. हा भेद आपल्याही लक्षात राहण्यासारखा आहे.

पण या बापड्याला उत्तरेत जाऊन करायचे काय? त्याला ना कैलासाची यात्रा करायची, ना दिल्लीत नोकरी धरायची. उत्तर अशी, की त्याला उत्तरेला जायचेच नाही. त्याला खाली जायचे आहे.

पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या रेषा जमिनीला समांतर नसतात. उत्तर गोलार्धात त्या उत्तरेकडे जाता जाता जमिनीत शिरतात. मोकळी टांगलेली सुई आपल्या महाराष्ट्रातही उत्तरेकडे तोंड करून किंचित मान खाली घालते. वर वर जावे तशी ती अधिक वाकते. तेव्हा अशा रेषेवरून उत्तरेकडे पोहत जाणे म्हणजे चिखलाच्या दिशेने खाली उतरणे. तुम्ही म्हणाल, खाली जायला एवढा खटाटोप कशाला? हातातून चमचा सुटला तर तो आपोआप खाली जातो. पण आपल्याला वर-खाली कळते ते वजनामुळे. या जिवाणूचे वजन पाण्याच्या तुलनेत नाहीच म्हटले तरी चालेल. पाण्याचे कण त्याला चहूबाजूंनी धक्के देत असतात. रेल्वेच्या गर्दीत उचलला गेलेल्या मुलाला फलाट कुठल्या बाजूला हे कळू नये, तशी त्याची गत. अशा वेळी उत्तर ही त्याला खालची खूण सांगते.

ही उपपत्ती खरी, तर दक्षिण गोलार्धात सगळे उलटे असले पाहिजे. तिथे चुंबकत्वाच्या रेषा उत्तरेकडे जाताना वर चढतात; तेव्हा तिथल्या जिवाणूने दक्षिणेची वाट धरली पाहिजे. ब्लेकमोर आणि त्यांचे सहकारी न्यूझीलंड आणि टास्मानियातला चिखल तपासायला गेले, आणि १९८० साली त्यांनी छापले की तिथले हे जिवाणू दक्षिणेकडेच जातात. पुढच्याच वर्षी चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या, ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथल्या जिवाणूंची हकीकत प्रसिद्ध झाली. तिथे रेषा आडव्या. उत्तर आणि दक्षिण दोन्ही सारख्याच निरुपयोगी. आणि तिथे उत्तरेचे आणि दक्षिणेचे प्रवासी साधारण निम्मे निम्मे निघाले. म्हणजे एकाच जातकुळीच्या जिवांना एका मुलखात उत्तर तारते आणि दुसऱ्या मुलखात दक्षिण. यमाच्या दिशेची अब्रू निदान न्यूझीलंडमध्ये तरी शाबूत आहे!

आता या होकायंत्राचा वारसा कसा चालतो ते ऐका. जिवाणूची वाढ पुरी झाली, की एकाचे दोन होतात. तेव्हा ती माळही मधोमध तुटते आणि अर्धी इकडे, अर्धी तिकडे जाते. आईची अर्धी माळ प्रत्येक लेकराच्या वाट्याला येते. उरलेले मणी त्याचे त्याने घडवायचे. पण नवे मणी जुन्या मण्यांच्या चुंबकत्वाने भारले जातात आणि त्यांच्याच दिशेला तोंड करतात. ‘घरचे वळण’ म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

मात्र प्रत्येक पिढीत थोडे जीव उलट्या तोंडाचे निघतात. उत्तरेच्या लोकांत दक्षिणेचे. त्यांची वाट त्यांना वर, उघड्या पाण्यात नेते आणि तिथे त्यांचे हाल होतात. तरी ते पुन्हा पुन्हा जन्माला येतात. प्रयोगशाळेत चिखलाच्या बरणीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र उलटे करून ठेवले, तर काही आठवड्यांत चित्र पालटते. ज्यांना कुणी विचारत नव्हते ते दक्षिणेचे प्रवासी बहुसंख्य होतात, आणि कालची बहुसंख्य मंडळी मागे पडते.

हा प्रयोग पृथ्वीने स्वतःही कित्येकदा केला आहे. तिचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात. पुरी अदलाबदल शेवटची झाली ती सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. याचा पुरावा पाहायला फार लांब जायला नको. आपला सह्याद्री ज्या लाव्हारसाचा बनला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला, आणि थिजताना त्या वेळची उत्तर त्याने आपल्यात कोंडून ठेवली. त्या थरांच्या मोठ्या भागात आजच्या नेमकी उलटी उत्तर आहे. ज्या काळ्या दगडाच्या किल्ल्यांवर आपण दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जातो, तो दगडही एका निराळ्या दिशेची आठवण धरून बसला आहे. अशा प्रत्येक उलथापालथीनंतर जिवाणूंचा वंश सावरला तो बहुधा त्या मूठभर उलट्या तोंडाच्या लेकरांमुळेच.

एवढे कळल्यावर मी मोठ्या खुशीत होतो. आणि गेल्या जूनमध्ये माझी परीक्षा पाहायला एक गृहस्थ आमच्या विभागात आले.

बँकेत नोकरी करणारे, पन्नाशीकडे झुकलेले. हातात मुलीच्या गुणपत्रिकेची घडी. मी त्यांना खुर्ची दिली.

“सर, एकुलती एक मुलगी आहे. बारावीला शास्त्र शाखेत उत्तम गुण आहेत. आणि आता हट्ट धरून बसली आहे, मराठी घेऊन बी.ए. करणार म्हणून. तुम्ही तिला चार शब्द सांगा. तिची दिशा चुकते आहे.”

मी मराठीचा प्राध्यापक. माझ्या वर्गात तिसऱ्या वर्षाला नऊ मुले. आणि मराठी घेऊ नकोस, हे मीच तिला सांगायचे! हसू येण्याजोगाच प्रसंग. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आले नाही. तिथे राग नव्हता. भीती होती, आणि ती खोटी नव्हती. आमच्या विषयाच्या मुलांना नोकऱ्या मिळताना काय यातायात पडते, हे त्यांच्यापेक्षा मला अधिक ठाऊक.

काय बोलावे सुचेना, म्हणून मी त्यांना या जिवाणूची हकीकत सांगितली. पोटातली माळ, अर्धा वारसा, न्यूझीलंडची दक्षिण, उलट्या तोंडाची लेकरे, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकले. मग बँकेतल्या माणसाने तारणाची कागदपत्रे तपासावीत तसा एकच प्रश्न विचारला :

“पण सर, ध्रुव उलटेपर्यंत त्या उलट्या तोंडाच्यांचे काय होते? मरतातच ना?”

माझ्या उपमेची हवाच गेली. कारण प्रश्न बरोबर होता. जातीचे कल्याण होईल तेव्हा होईल. बापाला जात नसते, त्याला एक मुलगी असते. लाखो वर्षांनंतरच्या उलथापालथीच्या भरवशावर कुणी आपले लेकरू उघड्या पाण्यात सोडत नाही.

मी गप्प राहिलो. तेवढ्यात अंगणापलीकडच्या प्रयोगशाळेतून मॅडम बाहेर येताना दिसल्या. मी त्यांना हाक मारली आणि हा प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला.

“सर, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत,” मॅडम हसून म्हणाल्या. “जिवाणूला उत्तर नको असते हे तुम्ही सांगितलेत. पण त्याला खाली जाणे तरी कुठे हवे असते? त्याला हवा असतो बेताचा प्राणवायू. पाण्यात वर तो फार असतो, खोल चिखलात मुळीच नसतो. मधे कुठेतरी एक पातळ थर असतो, तिथे त्याचे जमते. चुंबक त्याला फक्त रस्ता आखून देतो, की बाबा रे, इकडेतिकडे भरकटू नकोस, या एका रेषेवर ये-जा कर. प्राणवायू जास्त झाला की तो एकीकडे जातो, कमी झाला की शेपटी उलटी फिरवून मागे येतो. हे १९९७ साली नीट लक्षात आले. कुठे थांबायचे ते त्याला त्याचे कळते. आणि सरांनी सांगितलेला नियमही सगळीकडे लागू पडत नाही. वूड्स होलजवळच्याच एका खाऱ्या तळ्यात, उत्तर गोलार्धात, दक्षिणेकडे जाणारे जिवाणू भरपूर सापडले आणि चांगले नांदत होते. २००६ साली ते छापून आले, आणि सगळ्यांना पुन्हा विचार करावा लागला.”

ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही एक गोष्ट तेव्हा उमगली. इतके दिवस मी उत्तरेची बाजू सोडून दक्षिणेची बाजू घेत होतो. पण खरा प्रश्न उत्तर-दक्षिणेचा नाहीच. आईबाप देतात ती अर्धी माळ भरकटण्यापासून वाचवण्यापुरती असते. चांगल्या घरातले मूल दाही दिशा वाहून जात नाही, ते या माळेमुळे. पण श्वास कुठे मिळतो, हे त्याचे त्यालाच हुंगून ठरवावे लागते, आणि तिथे पोचायला कधी पुढे जावे लागते, कधी मागे. आपण मुलांना रेषा देऊ शकतो. थर देऊ शकत नाही.

“मॅडम,” ते गृहस्थ अखेर म्हणाले, “हे तुमचे जिवाणू पाहायला मिळतील का?”

आम्ही तिघे प्रयोगशाळेत गेलो. कोपऱ्यात बरण्यांमध्ये तळ्याचा चिखल महिना-दीड महिना ठेवून दिलेला होता, लोणचे मुरत ठेवावे तसा. लोणारच्या सरोवरातही हे जिवाणू आपल्या संशोधकांना मिळाले आहेत, असे सांगत मॅडमनी एका बरणीला बाहेरून चुंबक लावून ठेवला, थोड्या वेळाने तिथले थेंबभर पाणी उचलले आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. गृहस्थांनी चष्मा काढून डोळा लावला. मॅडमनी चुंबक फिरवला, की ठिपक्यांची सगळी फौज कवायतीत ‘पीछे मुड’ म्हटल्यासारखी वळे. पुन्हा फिरवला, पुन्हा वळली. तीन-चार वेळा असे झाले.

“तो चुंबक जरा बाजूला ठेवा बघू,” डोळा न काढताच ते म्हणाले. “आपणहून कुठे जातात ते पाहू दे.”

मॅडमनी चुंबक खणात टाकला. ते कितीतरी वेळ पाहत होते. काय दिसले ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

चार दिवसांनी मुलीचा प्रवेशाचा अर्ज आला. विषयाच्या रकान्यात मराठी होते, आणि पालकाच्या सहीच्या जागी सही होती.